नाशिकचं ‘नाशकि’ झाल्यास काय करावे?
(काळ्या पडद्यावर गप्पा मारणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

हे मार्गदर्शन कोणासाठी

चॅट म्हणजे व्हॉट्सॲप, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पान उलटून राशिभविष्याकडे जावं. ही मार्गदर्शिका टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, नुसत्या अक्षरांत गप्पा मारणाऱ्यांसाठी आहे. इरसी किंवा वीचॅट यांपैकी एखादा क्लायंट तुमच्याकडे असेल असं धरून चालतो. (हा वीचॅट फ्रान्समधला, २००३ पासूनचा. २०२० साली भारतात बंदी आली तो चिनी वीचॅट वेगळा. शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवण्याआधी हे त्यांना सांगून ठेवा.) इथे स्टिकर नाही, ‘सुप्रभात’चा गुलाब नाही, रात्री अकराला येणारा आत्याचा व्हिडिओ कॉल नाही. एवढी सुखं असूनही लोक इकडे का वळत नाहीत, याचं उत्तर पुढच्या पायऱ्यांत आहे.

या गप्पा आयआरसी नावाच्या व्यवस्थेवर चालतात. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी ती ऑगस्ट १९८८ मध्ये सुरू केली. पुण्यात सी-डॅक स्थापन झाली तीही १९८८ मध्येच, आणि युनिकोडमधली देवनागरी ज्या भारतीय संकेतप्रणालीवर बेतली आहे तिचा मसुदाही १९८८ चाच. दोन्हीकडची मंडळी एकाच वर्षी कामाला लागली होती, फक्त एकमेकांना विचारून नाही. त्याचे परिणाम तुमच्या पडद्यावर दिसतात.

लागणारं साहित्य

एक लॅपटॉप, जुना असला तर उत्तम. एक इन्व्हर्टर, कारण पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा क्लायंटशी संबंध नसला तरी तुमच्या रक्तदाबाशी आहे. पलीकडे बोलायला एक माणूस, शक्यतो दुसऱ्या घरातला. वही आणि पेन. चिवडा ऐच्छिक, पण कीबोर्डपासून हातभर लांब.

पायरी १ : सल्लागारांना खोलीबाहेर काढा

पडद्यावर काही बिघडलं की बातमी वाऱ्यासारखी पसरते. मेव्हणा दारातूनच सांगतो, “दाजी, फॉरमॅट मारून टाका.” शेजारचे काका व्हायरस म्हणतात. वरच्या मजल्यावरचा इंजिनीअर राऊटर बंद करून चालू करायला सांगतो आणि त्यानंतर तासभर त्याचंच नेट बंद राहतं. सगळ्यांना चहा द्या आणि दार लावून घ्या.

बंद करून चालू करण्याचा सल्ला मात्र अगदीच टाकाऊ नाही. टीमक्ससारख्या सत्र टिकवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आत क्लायंट चालवत असाल आणि ते सत्र चुकीच्या सेटिंगवर सुरू झालं असेल, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा दिसतात. नंतर सेटिंग बदललं तरी चालू सत्राला त्याचा पत्ता नसतो. ते सत्र संपूर्ण बंद करून पुन्हा उघडलं की बहुधा काम होतं. म्हणजे वरच्या मजल्यावरचा इंजिनीअर बरोबर होता, फक्त यंत्र चुकलं. हे त्याला सांगायची गरज नाही.

पायरी २ : लक्षण लिहून काढा

“मराठी दिसत नाही” हे लक्षण नव्हे, गाऱ्हाणं आहे. काय दिसतं ते वहीत लिहा. प्रकार मोजकेच आहेत :

चौकोन दिसतात : फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो किंवा लोहित देवनागरी टाका आणि पुढे जा. यावर लेख लिहायची गरज नाही.

आडव्या रेघा दिसतात : पायरी १ पुन्हा वाचा.

परदेशी चलन दिसतं : पायरी ४.

वेलांटी भलत्या अक्षराला लागते, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे : पायरी ५.

ओळीच्या शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं : पायरी ६.

सगळं नीट दिसतं, पण शोधलं की सापडत नाही : पायरी ७, आणि तिथे जाण्याआधी जेवून घ्या.

पायरी ३ : आरोपी ठरवा

संशयित तिघे आहेत : क्लायंट, टर्मिनल आणि पलीकडचा माणूस. दोन चाचण्यांत निकाल लागतो. एक, बिघडलेला शब्द साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहा आणि क्लायंट न उघडता ती फाइल टर्मिनलवर छापून पाहा. तिथेही शब्द मोडला असेल तर क्लायंट निर्दोष. दोन, क्लायंटची लॉग-फाइल चित्रमय एडिटरमध्ये उघडा. लॉगमध्ये शब्द धड असेल तर तो नेटवरून धड आला होता, दाखवताना मोडला. लॉगमध्येच मोडका असेल तर येताना मोडला किंवा पाठवणाऱ्यानंच मोडका पाठवला.

या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात. म्हणूनच त्या कोणी करत नाही. क्लायंट काढून पुन्हा टाकण्यात दुपार घालवणं जास्त कामाचं वाटतं.

पायरी ४ : पडद्यावर परकीय चलन दिसल्यास

नाशिकरोडला १९२५ पासून सरकारी सिक्युरिटी प्रेस आहे आणि १९२८ पासून नोटांचा छापखाना. त्यामुळे पडद्यावर चलनाची चिन्हं दिसली तर नाशिककराला क्षणभर अभिमान वाटणं साहजिक आहे. पण येन इथे छापत नाहीत.

घडतं ते असं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. (ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर जुळवली. नाशिकला मिसळीच्या टेबलावर तो कागद तर्रीतून वाचला नसता.) आता तुमचा क्लायंट जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्यानं वाचत असेल, तर तो एका बाइटचं एक अक्षर करतो. मग ‘न’चे तीन तुकडे होतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार पाय फुटलेलं वर्तुळ, म्हणजे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह, आणि मग आणखी काहीतरी. ‘नाशिक’मध्ये पाच चिन्हं, म्हणून वर्तुळंही पाच.

खरी मजा वेलांटीत आहे. देवनागरीच्या तक्त्यात ऱ्हस्व वेलांटीपर्यंतच्या चिन्हांचा दुसरा बाइट एक, आणि दीर्घ वेलांटीपासून पुढच्यांचा दुसरा. हा दुसरा बाइट त्या युरोपीय तक्त्यात येनचं चिन्ह आहे. म्हणजे ‘पंचवटी’ शुद्ध लिहिलं तर एक येन मिळतो, टी ऱ्हस्व काढली तर मिळत नाही. शुद्धलेखनाचा इतका रोख मोबदला मराठीत दुसरीकडे कुठेही नाही.

उपाय : ‘लोकेल’ ही आज्ञा द्या. उत्तरात शेवटी यूटीएफ-८ दिसलं पाहिजे. नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ दिसलं तर लोकेल बदला. भाषा मराठी, इंग्रजी काहीही ठेवा, शेपूट यूटीएफ-८चं हवं. मग क्लायंटच्या सेटिंगमध्ये टर्मिनलचा संकेतसंच तोच आहे ना, हे पाहा. पलीकडच्यानं डीटीपीच्या जुन्या फॉन्टातला लग्नपत्रिकेचा मजकूर चिकटवला असेल तर मात्र कोणतंही सेटिंग कामाचं नाही. तो मजकूर मुळात रोमन अक्षरांचाच असतो, वरून फॉन्टनं मराठी नेसवलेला. त्याला युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा आणि मैत्री टिकते का पाहा.

पायरी ५ : नाशिकचं ‘नाशकि’

नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि जावा.

‘शि’ लिहिताना वेलांटी आपण आधी काढतो, पण संगणक आधी ‘श’ साठवतो, मग वेलांटी. वेलांटीला उचलून ‘श’च्या डावीकडे नेऊन बसवायचं काम दाखवणाऱ्याचं. साध्या टर्मिनलला हे काम येत नाही. तो आलेलं चिन्ह आलेल्या क्रमानं एकेका घरात ठेवतो. मग वेलांटी ‘श’च्या पुढे पडते, तिचा हात ‘क’वर जातो, आणि डोळ्यांना ‘नाशकि’ दिसतं. लिनक्सच्या निव्वळ कन्सोलवर तर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात. जोडाक्षरांचा विचार तिथे सोडून द्या. एमएलटर्मसारखे भारतीय लिप्यांची सोय असलेले टर्मिनल वापरले की वेलांटी जागेवर येते.

वेलांटी जागेवर आली की कर्सर पळायला लागतो. पडद्यावर शब्द संपतो एका ठिकाणी, कर्सर लुकलुकतो त्याच्या पुढे दोन-तीन घरं. खोडायला जावं तर भलतंच खोडलं जातं, आणि नावांची यादी वेगळी ठेवणारी उभी रेघ सापासारखी वळते. इथे ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द घ्या आणि वहीत मोजा :

बाइट : ३९
युनिकोडची चिन्हं : १३
टर्मिनलची घरं : ८
आपल्या तोंडी येणारी अक्षरं : ५ (त्र्यं, ब, के, श्व, र)

चारही आकडे बरोबर आहेत. भांडण आहे ते कोण कोणता आकडा धरून चाललंय याचं. घरं मोजायचं काम एक छोटं फंक्शन करतं. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी लिहिलेली त्याची आवृत्ती जगभरच्या प्रोग्रॅमांनी उचलली. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून त्र्यंबकला निघालेल्या एसटीचा कंडक्टर मोजतो तसं हे मोजतं : उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही मांडीवरची पोरं, त्यांना सीट नाही. काना, वेलांट्या, काना-मात्रा यांना अख्खं तिकीट. आता क्लायंट या हिशोबानं त्र्यंबकेश्वरला आठ सीट देतो, आणि जोडाक्षरं जुळवणारा टर्मिनल त्यांना पाचच जागांत दाटीवाटीनं बसवतो. उरलेल्या तीन रिकाम्या सीटवर तुमचा कर्सर लुकलुकत असतो.

यात युनिकोडही फार काळ हात झटकून उभं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये १५.१ ही आवृत्ती येईपर्यंत त्याच्या नियमांनुसार ‘त्र्यं’ हे एक अक्षर नव्हतं, तीन तुकडे होते. त्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं मधून तोडायची नाहीत असा नियम आला. क्लायंट आणि टर्मिनल यांनी अख्खं अक्षर एकक धरावं, यासाठी काँटूर, घोस्टी अशा नव्या टर्मिनलांत एक सोय आहे. तिचा क्रमांक आहे २०२७. नाशिकच्या सिंहस्थाची अमृतस्नानंही २०२७ मध्येच आहेत. दोन्हींचं पुण्य एकत्र मिळावं असं वाटत असेल तर टर्मिनल अद्ययावत करा आणि गोदावरीवर गर्दीच्या दिवशी जाऊ नका.

तातडीचा उपाय : क्लायंट आणि टर्मिनल दोघांनाही एकच हिशोब शिकवा. म्हणजे दोन्ही नवे घ्या किंवा दोन्ही जुने ठेवा. एक नवा, एक जुना हे घरात चालतं, इथे नाही.

पायरी ६ : वाक्य अर्धवट तुटल्यास

आयआरसीचे नियम मे १९९३ मध्ये लेखी झाले. त्यात एका संदेशाची मर्यादा ५१२ बाइट ठरली, ओळ संपल्याच्या दोन बाइटांसह. त्यातच पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि चॅनेलचं नाव जातं. हातात चारशे-साडेचारशे उरतात. रोमन लिपीत त्र्यंबकेश्वर तेरा अक्षरांचं, म्हणजे तेरा बाइटांचं. एका ओळीत तीसेक वेळा मावतं. देवनागरीत दहा-अकरा वेळा लिहिलं की ओळ भरली. देवस्थान तेच, जागा तिप्पट.

मर्यादेपलीकडचं शेपूट सर्व्हर निमूटपणे कापतो. कात्री एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांमधून गेली तर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं, आणि हा नशिबाचा भाग, कारण निदान काहीतरी कापलं गेलं हे कळतं. कात्री दोन शब्दांच्या मध्ये पडली तर काहीच कळत नाही. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला तुम्ही सविस्तर लिहिलंत : पावसाचा अंदाज, साखर भरली नाही, व्यापारी भाव पाडतोय, सबब उद्या माल काढू नका. त्याच्याकडे पोहोचलेला शेवट : सबब उद्या माल काढू.

बरेच क्लायंट लांब ओळ स्वतःच दोन संदेशांत तोडतात. तुमचा क्लायंट तोडताना बाइट मोजतो की चिन्हं, हे तपासायला ‘त्र्यंबकेश्वर’ वीस वेळा पाठवा आणि पलीकडे किती पोहोचले ते विचारा. पलीकडच्याला आधी कल्पना द्या. नाहीतर तो तुमच्या घरी फोन करील.

जाता जाता : त्याच नियमांत लिहिलंय की महिरपी कंस म्हणजे चौकोनी कंसाचं छोट्या लिपीतलं रूप मानावं, कारण व्यवस्था स्कँडिनेव्हियातली आहे. तिथल्या जुन्या संगणकांत ठिपके आणि कडीवाल्या स्वरांना या कंसांच्या जागा दिल्या होत्या. म्हणजे आपल्या अक्षरांची सोय आधी पाहणं ही काही आपलीच खोड नाही.

पायरी ७ : दिसतं, पण सापडत नाही

‘किनाऱ्यावर’ हा शब्द तुम्ही कालच्या गप्पांत शोधता. डोळ्यांसमोर आहे, क्लायंट म्हणतो नाही. कारण तो आडवा ‘ऱ्य’. मराठीचा हा र तीन प्रकारे टाइप होतो : नुक्तावाला ‘ऱ’ एकच चिन्ह म्हणून, साधा र आणि वेगळा नुक्ता म्हणून, किंवा साधा र, पाय मोडल्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह म्हणून. दिसायला तिन्ही सारखे, बाइट तिन्हींचे वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या नियमानं एकच धरायचे असतात, तिसरा त्यातही बसत नाही. शब्दाचे बाइट हेक्सडंपनं उघडून पाहिले की फरक कळतो. ही चाचणी घरातल्यांसमोर करू नका. रात्री बाराला तुम्ही आकड्यांकडे बघत “र सापडला” म्हणालात तर लोक तुमची काळजी करतील.

पायरी ८ : एका वेळी एकच

फॉन्ट बदला, पाहा, वहीत लिहा. बदल परत फिरवा. मग लोकेल बदला, पाहा, लिहा. चार गोष्टी एकदम बदलून काम झालं, तर काय केल्यानं झालं हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला तुम्हीही दारात उभे राहून “फॉरमॅट मारा” म्हणू लागता.

पायरी ९ : अर्ज करा

दोष क्लायंटमध्येच आहे हे ठरलं की तो बनवणाऱ्याला कळवायचा. तो बहुधा युरोपात कुठेतरी, पगाराविना, रविवारी हे काम करणारा गृहस्थ असतो. त्याला देवनागरी वाचता येत नाही. ‘नाशिक’ आणि ‘नाशकि’ त्याला दिसायला सारखेच सुंदर. शाळेत घोकलेला अर्जाचा नमुना इथे कामाला येतो :

*प्रति, मा. देखभालकर्ते.*
*विषय : ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप केल्यावर कर्सर तीन घरं पुढे जाण्याबाबत.*
*१. क्लायंटची आवृत्ती, टर्मिनलचं नाव व आवृत्ती, फॉन्ट, लोकेल, टीमक्स आहे की नाही.*
*२. कृती : रिकाम्या ओळीत सदर शब्द टाइप केला. (१३ चिन्हांचे युनिकोड क्रमांक सोबत.)*
*३. अपेक्षित : कर्सर शब्दाला लागून. प्रत्यक्षात : तीन घरं पुढे.*
*४. क्लायंटशिवाय त्याच टर्मिनलवर शब्द व कर्सर ठीक.*
*सोबत : पडद्याचं चित्र, एक.*

इंग्रजीत उतरवताना ‘मा.’ गाळा, बाकी जसंच्या तसं ठेवा. ‘कृपया त्वरित कार्यवाही व्हावी’ हे वाक्य घालू नका. त्यानं कामाचा वेग वाढल्याचा अनुभव आपल्याकडेही नाही.

आपल्याकडे बिघाड कमी नाहीत, अर्ज कमी आहेत. मराठी मोडली की आपण रोमनमध्ये लिहायला लागतो, काम भागतं, आणि बनवणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे. तेव्हा अर्ज कराच. चाचणीसाठी शब्द शोधायला लांब जायला नको : ऋकारावर अनुस्वार मांडायला सप्तशृंगी, ‘ह्म’साठी ब्रह्मगिरी, पहिल्याच अक्षराच्या वेलांटीला सिन्नर, आडव्या र-साठी किनाऱ्यावर, आणि बाकी सगळ्यासाठी त्र्यंबकेश्वर. हे पाच शब्द ज्या क्लायंटमध्ये धड टाइप होतात, धड खोडता येतात आणि धड सापडतात, त्यात मराठी चालते. तोवर अर्ज चालू ठेवा.